सुरमईच्या दातांसाठी शिनोलीत वळलेली तार

शिनोलीपासून समुद्र किती लांब आहे ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण मधे अख्खा सह्याद्री आडवा आहे एवढं नक्की. तरीही यंदा पावसाळ्यानंतर मी सलग पाच रविवार तिथल्या एका ओसरीवर बसून सुरमईच्या दातांचा बंदोबस्त करत होतो. मी कळंबचा, टोमॅटो लावणारा माणूस. सुरमई पाहिलेली ती ताटात, तीसुद्धा तुकड्यात.

ओसरी दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. कोकणात किनाऱ्यावरच्या एका गावात त्यांची मास्तरकी झाली. शाळा सुटली की खडकावर उभं राहून गळ टाकायचा, हा त्यांचा तिथला नेम. निवृत्त होऊन गावी आले तरी दर दिवाळीनंतर आठ दिवस तिकडे जायचे, जुन्या शेजाऱ्याकडे उतरायचे. यंदा उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. जीभ तर आठवड्यात सावरली, आणि त्याबद्दल आक्काची अजून तक्रार आहे. डावा हात मात्र मुठीसारखा मिटला तो मिटलाच.

एक दिवस आक्काचा फोन आला. "गळाचा डबा माळ्यावर टाक म्हणत्यात. म्हणत्यात, आता काय लागणार न्हाई. तू ये बाबा."

मी गेलो. डिंभे धरणाच्या पाण्यावर कणकेचा गोळा लावून कटला धरणारा मी, त्यामुळे या विषयातला जाणकार अशी घरात माझी ख्याती आहे. घराबाहेर नाही.

"दाजी, जायचं ना दिवाळीनंतर? मी येतो संगं."

"पावणं, दुसऱ्याच्या हातानं बांधलेला लीडर मी जल्मात पाण्यात टाकला नाही. आता या हातानं मी बांधणार कसा? मग जाऊन काय खडक मोजू?"

लीडर म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला वीत-दीड वीत तुकडा. आमच्या धरणातल्या माशांना त्याची गरज नसते, मला तो शब्दही ठाऊक नव्हता. दाजींनी मला गवत कापायचा दातेरी विळा आणायला लावला. माझी नायलॉनची दोरी ताणून धरायला सांगितली आणि विळा तिच्यावरून नुसता सरकवला. दोरी तुटली, मी मागे पडलो.

"ही सुरमई. एक झटका, आणि मासाबी गेला, गळबी गेला. म्हणून दाताशी तार पाहिजे."

एवढंच ना, असं मला वाटलं. "मी बांधून देतो," असं बोलून बसलो. पुढच्या रविवारी टोमॅटोच्या मांडवाची तार घेऊन हजर झालो. चांगली जाडजूड, वादळाला दाद न देणारी.

दाजींनी ती हातात तोलली. "मासा धरायचाय का मांडव घालायचाय, राव? ही बघून सुरमई म्हणंल, इथं बांधकाम चाललंय, जाऊ पुढं."

मग डब्यातून त्यांनी खरी तार काढली. तपकिरी, केसापेक्षा थोडीच जाड. सुरमईची नजर तीक्ष्ण, म्हणून तिला बारीक आणि आखूड तार. बगा नावाच्या माशालाही तीच चालते. मुशीला, म्हणजे छोट्या शार्कला, मात्र जाड आणि लांब, कारण तिचे दात परवडले, अंगच कानशीसारखं. दोरी घासून घासून तुटते. हे सांगताना दाजी वर्गात असल्यासारखे ताठ बसले होते. आक्का दारातून पाहून आत गेली. आत जाऊन तिने कारण नसताना दुसऱ्यांदा चहा ठेवला.

तार निवडणं सोपं निघालं, बांधणं नाही. तारेला गाठ बसत नाही, पीळ घालावा लागतो. मी मोबाइलवर हिंदीत एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यातला माणूस बोलत बोलत पाच सेकंदांत पीळ घालतो. मी अर्ध्या तासात घातला आणि डब्यातली पक्कड घेऊन टोक कापलं. दाजींनी लीडर चिंचेच्या फांदीला टांगला आणि त्याला पाण्याने भरलेली बादली अडकवायला लावली. बादली दोन श्वास राहिली. तिसऱ्या श्वासाला ती माझ्या पायावर होती.

"माजी बादली चेपवू नका!" आक्का आतून ओरडली. पायाचं कुणी विचारलं नाही.

"तुमी एक तार सरळ ठेवली आन् दुसरी तिच्यावर गुंडाळली," दाजी म्हणाले. "वेल चढतो तशी. वेल ओढला की सरकतो. दोन्ही तारा एकमेकींत गेल्या पाहिजेत, चऱ्हाटासारख्या. आन् टोक पक्कडीनं कापायचं नाही. मागंपुढं वाकवून तोडायचं."

"का?"

"बोट बघा तुमचं."

बोटातून रक्त येत होतं. कापलेल्या टोकाला करवतीसारखी धार राहिली होती. म्हणजे सुरमईच्या आधी लीडरच मला चावला होता.

तीन रविवार असेच गेले. मी वीसेक लीडर बांधले असतील. चौथ्या रविवारी एकाने बादली पेलली. मी दाजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरा झालाय," ते म्हणाले. "पण तुमचा झालाय." आणि डबा मिटून बाजूला सरकवला.

तेव्हा मला कळलं की मी शंभर बांधले तरी उपयोग नाही. घरी येताना स्वतःचा राग आला. महिनाभर मी त्यांच्यासमोर दोन हातांनी काम करून दाखवत होतो.

पाचव्या रविवारी गेलो तेव्हा दाजी व्यायाम करून दमले होते. मिटलेली मूठ उघडायची, रबरी चेंडू धरायचा, सोडायचा.

"धरायला काय न्हाई," ते वैतागून म्हणाले. "सोडतच न्हाई हा हात. सांडशीसारखा धरून बसतो."

मी तेव्हा तारेशी झगडत होतो. पीळ घालताना तार वळून केलेला फास कुणीतरी घट्ट धरून ठेवावा लागतो, आणि माझी बोटं घामाने निसटत होती. मी सहज, खरंच विचार न करता, म्हणालो, "मग ही पक्कड धरा की जरा."

आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. त्यांनी उजव्या हाताने पक्कड उचलली, डाव्या मुठीत खुपसली, कोपर मांडीवर टेकवलं. तारेचा फास पकडीच्या जबड्यात दिला आणि उजव्या हाताने दोन्ही तारा एकमेकींवरून फिरवायला लागले. पहिली बिघडली. दुसरी वाकडी झाली. मी मदतीला हात पुढे केला.

"बसा गप."

तिसरी जमली. त्यांनी टोक मागंपुढं वाकवलं, ते टक् करून तुटलं. बादली भरून मीच टांगली, पाय लांब ठेवून. बादली राहिली. चहा झाला, दुसरा चहा झाला, बादली होती तिथेच.

"अवो, गोठ्यात पाणी न्यायचंय, बादली द्या," आक्का म्हणाली.

"हंडा ने. ती राहू दे."

मूठ मात्र पक्कड सोडेना. एरवी आक्काने त्या हाताला हात लावला की ते झिडकारायचे. त्या दिवशी त्यांनी हात तिच्यापुढे धरला. तिने शेजारी बसून एकेक बोट उलगडलं, मटारची शेंग सोलावी तसं, आणि पक्कड काढून माझ्याकडे दिली.

"शेजाऱ्याला फोन लाव," दाजी तिला म्हणाले. "दोघं येतोय म्हणून सांग. न्हाई, तिघं. बोटं सोडवायला तू पाहिजेस."

मग त्यांनी डबा उघडला. माझा तो बादली पेललेला लीडर उचलून, उजेडात धरून, कोपऱ्यात ठेवला.

"दुसऱ्याच्या हातचा हाय की तो," मी म्हणालो.

"राहू दे. एखादी सुरमई लईच आंधळी निघाली, तर."