मॅचच्या आधीचा फेटा

वैशाली स्टेजवरच्या सोफ्यावर फेटा बांधून बसली होती आणि खाली मॅटच्या कडेला माझ्या बाकीच्या मुली वॉर्मअप करत होत्या. मी स्टेजच्या पायरीशी उभी राहून तिच्या उजव्या गुडघ्याकडं बघत होते. माईकवर निवेदक सांगत होता, "प्रमुख पाहुणे लवकरच पोचत आहेत, तोवर आपण दोन शब्द ऐकूया..." दोन शब्द कसले? तो चौथा माणूस बोलायला उठला होता आणि प्रत्येकजण आपल्या शाळेच्या दिवसांपासून सुरुवात करत होता.

मी कबड्डीची कोच. कराडला लागून मलकापूर आहे, तिथं आमच्या मंडळाचा महिला संघ आहे, त्या मुलींना मी शिकवते. शिकवायचा माझ्याकडं कसला कोर्स नाही. मातीत खेळले, पडले, दुसऱ्यांचं बघून शिकले. मॅट आल्या तेव्हा परत पहिल्यापासून शिकले. आता साठी उलटून गेलीय. मुली मला काकी म्हणतात आणि आबाही काकीच म्हणतात. आबा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. या गोष्टीतला माझा सगळा राग त्यांच्यावर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको.

वैशाली आमची चढाईपटू. ज्यांनी कबड्डी नुसती टीव्हीवर ओझरती बघितलीय त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूची एक खेळाडू "कबड्डी कबड्डी" म्हणत समोरच्या सातजणींच्या अंगणात शिरते, कुणाला तरी शिवते आणि पकडली न जाता परत येते. ती चढाई. शिवून आली तर तिला गुण, धरून ठेवली तर त्यांना. सगळा खेळ तिच्या पायांवर चालतो. वैशाली आत शिरली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या. कुणाला कुठं उभं करायचं, कधी घाई करायची, कधी नुसता वेळ काढायचा, हेही तीच ठरवायची. मी बाहेरून ओरडायचे, ती आतून करायची.

मग तिचा गुडघा गेला. आतलं लिगामेंट तुटलं. लिगामेंट म्हणजे दोन हाडं जागेवर बांधून ठेवणारी दोरी समजा. ऑपरेशन झालं. पुढं लग्न झालं, शिराळ्याला सासर मिळालं. आणि एक दिवस आमच्या मंडळानं तिला काढलं. काढलं म्हणजे कसं? बोलावून सांगितलं नाही, फोन नाही, एक ओळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून उडवलं. एवढी वर्षं हिच्या जिवावर ढाली आणल्या, त्या मंडळाच्या काचेच्या कपाटात अजून आहेत, आणि हिला बोटाच्या एका टिचकीनं बाहेर! मी आबांच्या दारात जाऊन भांडले. ते म्हणाले, "काकी, गुडघा गेला म्हंजे संपलंच की वो. निर्णय झालाय."

संपलंच म्हणे. ती सांगलीकडच्या एका संघात गेली. तिथल्या कोचबाईंनी तिचा गुडघा बोटांनी चाचपून बघितला, घाई केली नाही, हळूहळू तिला उभी केली. दोन हंगाम ती तिकडं अशी खेळली की आमच्याच पोरी तिच्या चढाया मोबाईलवर बघून शिकायच्या.

इकडं आम्ही हरत होतो. नुसतं हरत नव्हतो, प्रेक्षक मध्यंतराला उठून जायला लागले होते. तेव्हा आबांना वैशाली आठवली.

"काकी, तुमीच जावा शिराळ्याला. तुमचं ऐकंल ती."

"का? तुमचं का नाही ऐकणार?" मी म्हटलं.

"आवं, जुनं कशाला काढताय."

मी गेले. आबांसाठी नाही, मला ती परत हवी होती म्हणून गेले. दारातच तिच्या सासूबाई भेटल्या. चहा टाकता टाकता त्यांनी मला चांगलंच सोललं.

"काढलं तवा पोरगी आठ दिस जेवली न्हाई वो. कुणी इचारलं व्हय, मेली का जगली? आन् आता गरज पडली तवा काकींना धाडलंय. लय शाना हाय तुमचा आबा."

मी म्हटलं, "खरंय." दुसरं काय म्हणणार?

वैशाली मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "काकी, येते मी. पण एकच अट. थांबायचं कधी ते मी ठरवणार. मंडळानं न्हाई, डॉक्टरनं न्हाई, तुमी बी न्हाई. मी सांगीन तवाच."

पैसे मागितले नाहीत, कॅप्टनपद मागितलं नाही. एवढंच मागितलं. मी आबांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मान्य, मान्य," आबा म्हणाले. त्यांनी ऐकलंही असेल की नाही, देव जाणे.

खेळाडूनं संघ बदलायचा तर आधीच्या मंडळाची संमती लागते. सांगलीकरांनी ती हसत दिली. त्यांच्या कोचबाई मला एवढंच म्हणाल्या, "काकी, हिला थंड्या पायानं कधी उतरवू नका. बाकी आमची तक्रार नाही."

हे थंड्या पायाचं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑपरेशन करून शिवलेला गुडघा आखडतो. आधी चालायचं, मग हळू पळायचं, मग बसकी पावलं, मग आडव्या उड्या, असं करत तो गरम करावा लागतो. गरम झाला की लगेच खेळायचं. मध्ये बसलं की तो परत आखडतो, आणि तशा पायानं झटक्यात वळलं तर ती दोरी पुन्हा तुटते. दुसऱ्यांदा तुटली की खेळ संपला. जिना चढायचीसुद्धा मग मारामार. आबांना हे मी मंडळाच्या ऑफिसात, खुर्चीला पाय लावून, करून दाखवलं होतं.

"म्हणून सत्कार-बित्कार काही नको," मी बजावलं होतं.

"साधा हार घालू वो. पोरगी घरी आलीय आपल्या."

आणि परतीच्या पहिल्याच मॅचला, आमच्याच मैदानावर, समोर तोच सांगलीकडचा संघ असताना, हे स्टेज! मलकापूरच्या नाक्यापासून पोस्टर लागलेली. पोस्टरवर वैशालीपेक्षा आबांचा फोटो मोठा. तिनं सगळं वॉर्मअप पूर्ण केलं होतं, अंगाला घाम फुटला होता, आणि तेवढ्यात मंडळाचे दोघं येऊन "ताई, दोनच मिनिटं" म्हणत तिला घेऊन गेले. फेटा बांधला. शाल घातली. मांडीवर नारळ ठेवला. आपल्याकडं सत्कारमूर्तीनं पाहुणे येईपर्यंत उठायचं नसतं. उठलं की अपमान होतो. कुणाचा, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी मागच्या पायऱ्यांनी स्टेजवर चढले.

"आबा, तिला खाली सोडा."

"काकी, पाव्हणं कोल्हापूर नाक्याला आल्यात."

"मघाशीही नाक्यालाच होते. तिचा पाय गार पडतोय."

"शाल हाय की अंगावर."

शाल गुडघ्याला घालू का? वैशाली माझ्याकडं बघून सोफ्याखाली गुपचूप पाऊल पुढंमागं करत होती. तेवढंच तिच्या हातात होतं.

पाहुणे आले. त्यांनी महिलांनी मैदानात उतरलं पाहिजे या विषयावर भाषण केलं. मैदानात उतरायचं होतं ती बाई त्यांच्या शेजारी नारळ धरून बसली होती, आणि हे बोलतायत, बोलतायत. शेवटी पंचांनीच शिट्टी वाजवली म्हणून बरं.

वैशाली खाली आली. मी विचारलं, "पाय काय म्हणतोय?"

"दगड झालाय, काकी."

मागून आबा आलेच. "पहिली चढाई वैशालीची. पाव्हण्यांना जायचं हाय, फोटो झाला पायजे."

"पहिली चढाई कोमलची," मी म्हटलं. कोमल आमची दुसरी चढाईपटू, वयानं लहान, अंगानं किरकोळ, पण भित्री नाही. "वैशाली दुसऱ्या डावात."

"काकी, लोक तिला बघाय आल्यात!"

"मग बघा की. ती तिथं पळणार आहे." मी मांडवामागं बोट दाखवलं.

"तुमाला कोच कुनी केलं वो?" आबांचा आवाज चढला. "एक दाखला न्हाई तुमच्याकडं! मंडळ मी चालवतो!"

"मंडळ चालवा. गुडघा तिचा आहे. आणि मॅटवर कोण जाणार हे पंचांना कोच सांगते. मी सांगितलंय."

आबा वैशालीकडं वळले. "तू सांग गं. तुला खेळायचं हाय न्हवं?"

तिला खेळायचंच होतं. समोर सगळा गाव तिच्या नावानं ओरडत होता. इतक्या लोकांपुढं "नाही" म्हणणं खेळाडूला किती जड जातं, ते तुम्हाला बाहेरून कळायचं नाही. तिनं हातातल्या नारळाकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "आबा, काढलं तवा मला इचारलं न्हाई. आता इचारताय ते बरं हाय. मी दुसऱ्या डावात उतरते." आणि नारळ आबांच्या हातात ठेवून मांडवामागं गेली.

अख्खा पहिला डाव ती तिथं पळत होती. फेट्याला इतक्या पिना मारल्या होत्या की तो सुटेना, म्हणून फेटा घालूनच पळत होती. उभ्या केलेल्या गाड्यांमधनं तुरा जाताना दिसायचा, येताना दिसायचा. मॅट सोडून निम्मे प्रेक्षक तिकडंच बघत होते. कुणीतरी ओरडलं, "नवरी पळाली रं!" ती हसली, पण थांबली नाही.

पहिल्या डावात आम्ही मार खाल्ला. कोमल दोनदा गुण घेऊन आली, पण आमच्यावर लोण चढला. लोण म्हणजे सगळा संघ बाद. पाहुणे मध्यंतराआधीच उठून गेले. आबा त्यांना गाडीपर्यंत सोडून आले आणि माझ्यापासून लांब उभे राहिले.

मध्यंतराला वैशाली आली. फेटा एकदाचा निघाला होता, तो पाण्याच्या ड्रमवर ठेवला. मी गुडघ्याला हात लावला. गरम होता. दाबला, वाकवला, सगळं मोकळं.

"आता जा," मी म्हटलं.

पहिल्याच चढाईत सांगलीच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोरीनं तिच्या उजव्या घोट्यावर झेप घातली. बरोबरच आहे, दोन वर्षं एका ताटात जेवलेल्या त्या, कोणता पाय कच्चा हे त्यांना माहीत. वैशाली त्याच पायावर गर्रकन वळली. तिथंच, त्याच वळणाला, गार पाय तुटला असता. हा तुटला नाही. ती दोघींना शिवून परत आली, मधल्या रेषेवर हात टेकला आणि माझ्याकडं बघून गुडघ्यावर एक चापट मारली.

मॅच आम्ही हरलो. अगदी थोडक्यात हरलो, पण हरलो. आबा चार लोकांत म्हणाले, "काकींनी घालवली मॅच." म्हणू देत. पहिल्या डावात ती उतरली असती तर जिंकलोही असतो कदाचित. किंवा स्ट्रेचर आणावं लागलं असतं. आमच्या मैदानावर सोफा होता, शाली होत्या, साऊंड सिस्टीम होती. स्ट्रेचर नव्हतं.

त्या हंगामात पुढं ती खेळली, बहुतेक मॅच आम्ही जिंकल्या आणि आबांनी प्रत्येक विजयाचं पोस्टर लावलं. मला बैठकीला बोलवायचं मात्र बंद केलं होतं. शेवटची मॅच वडूजला होती. जिंकलो. मुली नाचत होत्या आणि वैशाली माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्याचा पट्टा सोडायला लागली.

"काकी, झालं माझं."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुखतोय?"

"न्हाई. चांगला हाय. म्हणून तर थांबते. पोरगी झाली तर तिच्यामागं पळायचं हाय मला."

आबा धावत आले. "असं कसं! निरोपाचा कार्यक्रम करू की दणक्यात. पुढच्या महिन्यात. पाव्हण्यांची तारीख घेतो."

"तारीख कशाला, आबा? आत्ता बांधा की फेटा," वैशाली म्हणाली. "आता कवाबी गार पडू दे पाय."

तिथं फेटा कुठला असणार? कोमलनं आपली ओढणी काढली आणि वैशालीच्या डोक्याला वेडीवाकडी गुंडाळली. तुरा काही उभा राहीना. भाषण कुणी केलं नाही. आबांनीसुद्धा नाही. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला, आणि त्या फोटोत ते स्वतः नव्हते.

म्हणून ते सुधारले असं समजू नका. यंदा कोमलची पोस्टर लागलीत आणि परवा त्यांचा फोन आला होता, स्टेज कुठल्या बाजूला घालू म्हणून. मी म्हटलं, "कुठंही घाला, आबा. पण सोफा तुमच्यासाठी ठेवा. पोरी मॅच झाल्यावर येतील."