कडोदऱ्याच्या रस्त्यावर काढ्याची बाटली

१२ फेब्रुवारी १९९७, धुळे

दिवाळीनंतर मी प्रवासाचं काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल वाचणाऱ्या मैत्रिणींची माफी मागते. आजचं लिहिणं सुरतेबद्दल आहे, पण सुरत पाहिली असं म्हणवत नाही.

भाची बाळंत झाली म्हणून निघाले. कुणाला जायचं असेल तर धुळ्याहून सकाळचीच एसटी घ्या. वाटेत व्याऱ्याला गरम खमण मिळतं. माझ्या पिशवीत बाळंतकाढा होता. आमचे वैद्य तो घरी मुरवतात आणि आपण नेऊ त्या बाटलीत भरून देतात. मुरल्यामुळे त्याला दारूसारखा वास येतो. आम्हां बायकांना त्याचं काही वाटत नाही.

धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाचीचे वडील एकनाथराव, कडोदऱ्याला कापडाचा लूम चालवतात. पाळी संपवून ते मला घ्यायला कडोदऱ्याच्या थांब्यावर स्कूटरने आले. स्कूटर माझ्या नावावरची, धुळ्याच्या नंबरची. मीच त्यांना दिलेली. त्यांच्या घराकडे, डिंडोलीच्या रस्त्याला लागलो तोच पोलिसाने हात केला. पुढच्या गुजरात नंबरच्या दोन गाड्या त्याने तशाच सोडल्या होत्या.

एकनाथराव उतरले, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि कुणी न सांगता तोंड उघडून श्वास सोडला. दुकानात शिरताना चपला काढाव्यात, इतक्या सवयीने.

"ताई, मराठी बोलू नका," ते पुटपुटले.

पोलिसाने पिशवीतली बाटली काढून हुंगली. "खानदेशी ने? नवापूरथी माल लाव्यो?" नवापूर आपल्या हद्दीतलं, आणि माल म्हणजे दारू.

"साहेब, दवा छे. दीकरीनी सुवावड छे." मुलीचं बाळंतपण आहे, असं ते सांगत होते.

"दवा छे तो पी जो."

ते प्यायले. पोलिसाने त्यांचं तोंड हुंगलं. "हवे तो पीधेलो पण छे. चाल, चोकीए."

मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. दारूबंदीच्या राज्यात एकदा आत गेलेल्या माणसाची लूमवरची जागा दुसऱ्या दिवशी भरलेली असते.

मी मराठीतच म्हटलं, "बाटली माझी आहे." दोन घोट घेतले. "आता माझं तोंड हुंगा."

तो मागे सरकला. "ना ना, बेन. आप तो पढ़े-लिखे लगते हो. क्या करते हो?"

"शाळेत शिकवते."

त्याने चष्म्याकडे पाहिलं, मग एकनाथरावांकडे वळला. "दीकरीने शुं आव्युं?" मुलीला मुलगा झाला की मुलगी, असं.

"दीकरी."

"लक्ष्मी," असं म्हणून त्याने किल्ली परत दिली आणि काढा रस्त्यावर ओतला.

तोच काढा, तोच वास. तोंडं तेवढी दोन.

घरी मी हे सांगितलं. बहीण ताट वाढत म्हणाली, "आते जेवाले बस, बहीण. हाई ते रोजनं शे." हे तर रोजचंच, म्हणे.

दुसऱ्या दिवशी कापडबाजारात आम्ही सिटी बसने गेलो. साड्या खरंच स्वस्त आहेत. काय घेतलं, ते आठवत नाही.

निघताना एकनाथराव म्हणाले, "ताई, एक काम करा. धुळ्याच्या आरटीओचा दाखला आणला तर स्कूटरला इथला नंबर मिळेल."

"मग थांबवणार नाहीत?"

"थांबवतील. पण तोंड उघडेपर्यंत आम्ही खानदेशी, हे कळायचं नाही."

ते हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांना सोडवलं, की माझ्या चष्म्याने? आणि आता नंबर बदलायला मदत करते आहे, ती त्यांना की त्या पोलिसाला?

उद्या: आरटीओत जाऊन स्कूटरचा ना-हरकत दाखला मागणे.