फरशीवरचा बाजार

बोरजवळ्याच्या शेळी-बाजारात मुंजाबाचा पंचा ओळखत नाही असा माणूस पस्तीस वर्षांत झाला नाही. पांढरा पंचा, काठाला तांबडी रेघ, एका कोपऱ्यात बिडीनं पडलेलं भोक. रीत जुनी होती. विकणाऱ्यानं पंच्याखाली हात घालायचा आणि दलालाची बोटं धरायची. एक बोट म्हणजे हजार, मधलं पेर दाबलं की वर पाचशे. मग तोच पंचा घेऊन दलालानं घेणाऱ्याकडं जायचं. भोवती शंभर माणूस का उभं असेना, भाव कळायचा तो हात घालणाऱ्यालाच. तोंडानं कोणी आकडा काढायचा नाही. ‘मोठ्यानं सांग’ असं म्हणणं म्हणजे तुझ्या हातावर माझा भरवसा नाही, असं चारचौघांत सांगणं. तेवढ्यावरून डोकी फुटलेली ह्या बाजारानं पाहिली होती.

मुंजाबा मेंढपाळाच्या घरचा. दहा वर्षांचा असताना दगडावरून पडून पाय मोडला, तो वाकडाच बसला. मेंढरांमागं हिंडायच्या कामाचा राहिला नाही म्हणून मामानं त्याला बाजारात दलालीला आणून बसवलं. शाळा दुसरीपर्यंत. पण जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की वजन सांगायचा, किलोभर इकडं नाय की तिकडं नाय. संभाजीनगरहून येणारा खाटीक जब्बारभाई म्हणायचा, “मुंजाबा मामू का हाथ देख लिया तो तराजू की क्या जरूरत?”

गाव मात्र हळूहळू ओस पडत चाललं होतं. नवा मोठा रस्ता झाला, तो गावाला वळसा घालून गेला. फाट्यावरची हाटेलं एकेक करून बसली. पोरं सकाळी कंपनीच्या बसनं शेंद्र्याला जायची आणि करमाडला खोली मिळाली की तिकडंच राहायची. सोनाराचं दुकान गेलं, शिंप्याचं गेलं. उरला तो शुक्रवारचा बाजार. आठवड्यातला तो एकच दिवस गावात धूळ उडायची, भजी तळली जायची, माणसाला माणूस धडकायचं.

गावातले बडे बागायतदार तात्यासाहेब, त्यांची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती आणि हातात पैसा आला होता. माणूस वाईट नव्हता. बाकीच्यांनी त्या पैशाच्या गाड्या घेतल्या, ह्यानं मारुतीच्या पारावर सभा घेतली.

“सरकारची वाट बघत किती दिवस बसायचं? आपल्याच पैशानं आपलं गाव उभं करू. बाजाराला पक्की शेड, पाणी, लाइट. मराठवाड्यातून लोक येतील.”

बागायतदारांनी पैसे दिले, दुकानदारांनी दिले. राहिले मेंढपाळ. त्यांच्याकडं कुठला आलाय रोख पैसा? तेव्हा तात्यासाहेबांनी मुंजाबाला घरी बोलावलं. ओट्यावर नव्हे, आत. खुर्ची दिली. पस्तीस वर्षं तो त्या घराच्या पायरीवर बसत आला होता. खुर्चीत कसं टेकावं तेही त्याला कळेना, वाकडा पाय तसाच पुढं राहिला.

“मुंजाबा, तुमचं ऐकतात ती माणसं. कमिटीत या.”

तुमचं. कालपर्यंत ‘तुझं’ होतं.

मुंजाबा मेंढपाळांच्या तळातळावर फिरला. प्रत्येकाच्या हाताला पंच्याखाली हात लावून त्यानं शब्द दिला, की जागा तुमची, बाजार तुमचा, घरटी एक जनावर द्या. अठ्ठावीस घरांनी दिलं. कडूबानं तर गाभण शेळी दिली. कडूबा हा त्याच्या चुलत्याचा नातू, जिभेचा तिखट.

“आबा, तुमच्या हाताकडं बघून देतोय. तात्यासायबाच्या फेट्याकडं बघून नाय.”

“ठावं हाय रं.”

घरी राजाबाई, त्याची बायको, म्हणाली, “लोकाचं जनावर आपल्या शब्दावर बांधू नका. शब्दाला दावं नसतं.”

“तुला काय कळतं गं कमिटीतलं?”

“नाय बाई. मला शेळीतलं कळतं.”

पाया झाला, खांब उभे राहिले, पत्रे चढले. मग एक दिवस तात्यासाहेबांचा मुलगा विश्वजीत शहरातून फरशीचा नमुना घेऊन आला. कमिटी गोल बसली. फरशी हातोहात फिरली. पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी.

“पाइप मारला की दहा मिनिटांत साफ. वास नाय, माशी नाय,” विश्वजीत म्हणाला.

मुंजाबाच्या हातात फरशी आली. त्यानं सवयीनं अंगठा फिरवला. अंगठा सर्रकन घसरला, आणि त्याला त्याच घडीला सगळं कळून चुकलं. मेंढरू गुळगुळीत जागेवर पाय टाकत नाही. खूर रुतला नाही की त्याला वाटतं खाली खड्डा आहे. शेळी एकवेळ उडी मारेल, मेंढरू जागचं हलणार नाही, आणि लोटलं तर पाय फाकून बसेल. मेंढपाळाच्या घरचं शेंबडं पोरही हे सांगेल.

“बोला मुंजाबा, तुमचं काय म्हणणं?” तात्यासाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

सगळे त्याच्याकडं बघत होते. मास्तर, दुकानदार, बागायतदार. हातात स्टीलच्या कपात चहा होता, पायरीवर मिळायचा तसा काचेच्या टवका उडालेल्या गिलासात नव्हता. आता ‘ही नको, खडबडीत टाका’ म्हणावं तर पोराचं तोंड पडणार. अडाण्याला खुर्ची दिली आणि तो फरशीत खोड काढतोय, असं होणार.

“चांगली हाय की,” मुंजाबा म्हणाला. “लई झ्याक.”

उद्घाटनाच्या शुक्रवारी पहाटेच शेड धुतली. हार, फीत, भाषणं झाली. मुंजाबाच्या डोक्याला फेटा बांधला होता. मग कडूबाचा कळप आधी आत घ्यायचा ठरला. म्होरक्या बकरा फरशीच्या काठाशी आला, खाली बघितलं, नाक फुरफुरलं आणि चारी पाय रोवून उभा राहिला. मागचा सगळा कळप त्याच्यावर तुंबला.

“लोटा रे!” कोणीतरी ओरडलं.

लोटलं. पुढची चार मेंढरं ओल्या फरशीवर गेली ती घसरलीच. त्यातल्या एका मेंढीचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. कड्कन आवाज आला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसून राहिली, फरशीत आपलंच तोंड बघत असल्यासारखी.

लोक आधी हसले. जब्बारभाई पुढं आला, मेंढीच्या कमरेला हात लावून म्हणाला, “ये तो गई. क्या मामू, बाजार बनाए की फिसलपट्टी?”

कडूबानं मेंढी मिळेल त्या भावात त्यालाच दिली. मुंजाबाकडं त्यानं नुसतं एकदा बघितलं.

पुढच्या शुक्रवारी मेंढपाळ शेडबाहेर रस्त्यावरच थांबले. पोलिसपाटील म्हणाला, रस्ता मोकळा करा, आता पक्की जागा आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी निम्मेच आले. मग ते पंधरा कोस लांबच्या दुसऱ्या बाजाराला जायला लागले. जनावर नाही म्हणून खाटीक नाही, खाटीक नाही म्हणून भजी नाही.

मुंजाबा तात्यासाहेबांकडं गेला. ह्या खेपेला खुर्ची रिकामी असून कोणी बस म्हणालं नाही.

“तात्यासायब, वर मुरूम टाकू. पायाला माती लागली की मेंढरं येत्याल.”

“एवढ्या भारी फरशीवर मुरूम? लोक शेण घालतील तोंडात.” तात्यासाहेबही थकले होते. त्यांचाही पैसा त्या शेडमध्ये अडकला होता. “आणि मुंजाबा, तुला ठावं असंल हे. तवा का नाय बोललास?”

मुंजाबा पायरी उतरला.

दिवाळीनंतर शेड लग्नकार्याला द्यायचं ठरलं. वऱ्हाडी चपला काढून त्या गार फरशीवरून चालायचे आणि गावाचं कौतुक करायचे.

अखेर मुंजाबा जीपनं त्या लांबच्या बाजाराला गेला. तिथं लिंबाखाली मातीत मेंढरं निवांत बसली होती. बोरजवळ्याची बरीच घरं होती. कडूबाही होता.

मुंजाबानं खांद्यावरचा पंचा काढला, पसरला, हात आत घालून पुढं केला. “ये कडूबा. बोलायचंय.”

कडूबा बिडी ओढत राहिला. “हात नाय घालणार आबा. मोठ्यानं सांगा.”

भोवतीची माणसं जवळ सरकली. मुंजाबाचा हात पंच्याखाली तसाच राहिला.

“मोठ्यानं?”

“व्हय. सगळ्यांची जनावरं गेलीत. सगळ्यांना ऐकू द्या.”

मुंजाबानं पंचा खाली घेतला.

“फरशीला अंगठा लावला तवाच मला कळलं व्हतं,” तो म्हणाला. “मेंढरू चालणार नाय, हे कळलं व्हतं. मी चांगली हाय म्हणलो.”

“का?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“खुर्चीत बसलो व्हतो.”

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. कडूबानं बिडी चपलेखाली विझवली, आपली दोन कोकरं धरली आणि तिथल्याच एका तरण्या दलालापुढं नेऊन उभी केली. त्याच्या पंच्याखाली हात घातला. बाकीचे आपापल्या कळपाकडं वळले.

मुंजाबा जीपची वाट बघत रस्त्याकडेला बसला. परतताना बोरजवळ्याच्या शेडवर लग्नाची झगमग लागली होती. जीपवाला म्हणाला, “गाव लई सुधरलं की मामा तुमचं!”

“व्हय,” मुंजाबा म्हणाला, आणि वाकडा पाय आधी बाहेर काढून उतरला.