आधी आपण लटकायचं

धाकूमामा गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी आठवीचा गणिताचा तास घेत होतो. मुरबाडहून शहापूरची एसटी पकडली आणि आसनगावपलीकडच्या त्याच्या गावात पोचलो, तर नाक्यावरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘सर्कशीतले वाघवाले बाबा यांचे दुःखद निधन’. खरं सांगतो, आधी रडू आलं नाही, आधी संताप आला. माझा मामा वाघवाला नव्हता. त्याला गावातल्या कुत्र्यांचीसुद्धा भीती वाटायची. काठी घेतल्याशिवाय तो ओढ्यापर्यंतही जायचा नाही. सर्कशीत त्याने वीस-बावीस वर्षं काढली ती तंबू आणि दोर सांभाळण्यात. फळा पुसावा म्हणून मी पुढेही झालो, पण ज्याने लिहिलं होतं तो तिथेच डोळे पुसत उभा होता... मग राहू दिलं. आज तीन आठवडे झाले, फळा केव्हाच पुसला गेला, माझी चिडचिड मात्र गेलेली नाही. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण वाघाचीच गोष्ट काढतो. म्हणून हे लिहायला बसलो.

पन्नासच्या दशकात कधीतरी कल्याणला सर्कस आली होती. मामा भाताच्या गोणी घेऊन बाजाराला गेला होता, तो सर्कशीबरोबरच पुढे गेला. तिथे तो खलाशी झाला. खलाशी म्हणजे तंबू उभारणारे, खुंट्या ठोकणारे, दोर ताणणारे लोक. पाऊस आला की दोर भिजून आखडतात, ते वेळेत सैल केले नाहीत तर खुंटी उपटून येते. म्हणून आभाळ भरून आलं की बाकीचे आडोशाला पळायचे आणि हा भिजत तंबूला फेऱ्या घालायचा. तंबूच्या मागे झुल्यावरच्या बायका कपडे वाळत घालायच्या, जोकर चूल पेटवायचा, हत्ती एकीकडे आंघोळ करत असायचे, आणि गाव कुठलंही असलं तरी डाळ तीच पातळ. पुढे मामाकडे झुल्यांचे दोर आले. त्या कामाचा एक नियम होता: माणूस वर चढवण्याआधी आपण लटकायचं. खेळ सुरू होण्याआधी मामा प्रत्येक झुल्याला स्वतः लोंबकळायचा, तीन हिसके द्यायचा, खाली येऊन दोरावर दोन बोटं टिचकवायचा आणि बाजूला व्हायचा. लीला नावाची मलबारकडची एक बाई झुल्यावर काम करायची. ती हातातल्या काचेच्या बांगड्या काढून मामाकडे द्यायची, मामा त्या मुंडाशाच्या टोकात बांधायचा, आणि ती वर निघून जायची. दोर बघितलास का, असं तिने कधी विचारलं नाही. हे सांगताना मामाचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याला कुणी सभेत हार घातलाय.

गावी परत आला तो ही सवय घेऊनच. विहिरीचा दोर, बैलाचं दावं, सणाला झाडाला बांधलेला झोका, काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. माझ्या मुलीच्या, मनीषाच्या बारशाला तर कहरच. आमच्या मुरबाडच्या घरात तुळईला पाळण्याची कडी त्यानेच बसवली होती. बायका जमल्या, पाळणा सजला, बाळ हातात घेतलेलं, आणि हा साठीच्या घरातला माणूस धोतर खोचून कडीला लोंबकळला, पाय वर उचलून. माझ्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी बायकोकडे बघायचं टाळलं. मामाने तीन हिसके दिले, दोन बोटं टिचकवली आणि शांतपणे पान खायला बसला. पुढे मनीषा मोठी होईपर्यंत हे चालूच राहिलं. तिच्या झोक्यावर तिच्याआधी मामा बसायचा, आणि टिचकी ऐकू आली की ती धावत यायची.

नव्वदच्या सुमारास मी शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत होतो. स्नेहसंमेलनासाठी मांडव घातला होता. मामा नातवंडांचं नाटक बघायला दुपारीच येऊन बसला आणि बसल्या जागी त्याची नजर गाठींवर गेली. तो उठला आणि स्टेजवरच्या आडव्या बांबूला लटकला. बांबू, झालर आणि फुगे सगळं खाली आलं, ते नेमकं पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यावर. कुणाला लागलं नाही, सोफ्यावर कुणी नव्हतंच. मामा म्हणत होता, “गाठ सुटली बगा. पोरा वर असती तं?” पण त्याचं कोण ऐकतो. मांडववाला शिव्या देऊ लागला, मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आणि मी, ज्याला तीन हिसक्यांचा अर्थ पुरता ठाऊक होता तो मी, म्हणालो, “सर, म्हातारं माणूस आहे, डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.”

मामा माझ्या मागेच उभा होता. त्याने मुंडासं सारखं केलं आणि नाटक न बघता एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. मांडववाल्याने नवा बांबू नीट आवळून बांधला, कार्यक्रम छान झाला, आणि जे झालं नाही ते कुणाला दिसलंच नाही. या गोष्टीने माझा अजून जळफळाट होतो. काही पडलं असतं तर मामा खरा ठरला असता, पण काही पडू नये म्हणून तर त्याचा सगळा खटाटोप! त्या दिवसानंतर माझ्या घरातल्या एकाही दोराला त्याने हात लावला नाही. आणि जन्मभर मला ‘बाला’ म्हणणारा मामा मला ‘तुमी’ म्हणायला लागला. “तुमी कवा आलात गुर्जी?” असं. कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

माफी मागायचं धाडस काही झालं नाही. त्याऐवजी एक दिवस टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. म्हटलं, मामा, तुझ्या दोरांचं सगळं सांग, मी लिहून छापतो. त्याने यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाघाची गोष्ट सुरू केली. नाशकात पिंजरा उघडा राहिला आणि वाघ तंबूत आला, ती. कॅसेटच्या दोन्ही बाजू वाघाने भरल्या. वाघ दर वेळी मोठा होत गेला. मी चिडून म्हणालो, हे सगळं खोटं आहे आणि तुलाही माहीत आहे. तेव्हा तो म्हणाला, “दोराची गोष्ट कोन आयकतो, गुर्जी? आपल्याच मानसाला पटली नाय.” मी बटण बंद केलं. ती कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे. हे शेवटचं वाक्य तिच्यात आहे की नाही, ते मी कधी लावून पाहिलेलं नाही. राग मामाचाही येतो. गावाला वाघ त्यानेच दिला, आणि आता फळ्यावर तोच वाघ उरला...

गेल्या रविवारी मनीषाच्या लेकीचं बारसं आमच्याच घरी झालं. तीच तुळई, तीच कडी, पाळण्याला नवा नायलॉनचा दोर. बायका जमल्या होत्या, मनीषा बाळाला घेऊन उभी होती. मी खुर्चीवरून उठलो, पाळण्यापाशी गेलो आणि कडीला दोन्ही हातांनी धरून पाय उचलले. गुडघ्यांनी तक्रार केली. कुणीतरी हसलं, व्याह्यांनी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं, आणि माझी बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तीन हिसके दिले. खाली उतरून दोरावर दोन बोटं टिचकवली. मग बाजूला झालो आणि सगळ्यांना हे काय ते समजावून सांगायला तोंड उघडलं, मामाचं नाव अगदी ओठांवर होतं.

मनीषाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने टिचकी ऐकली आणि लेकीला पाळण्यात ठेवलं.