नानांच्या कढईवर दिपमाला

जळगावच्या बसस्टँडमागे तोतारामनानांचं ‘कँटन चायनीज’ आहे. पत्र्याचं छत, सहा टेबलं, पंखा एक आणि तोही गल्ल्याकडे तोंड करून. तरुणपणी नाना मुंबईत एका कँटनी उस्तादाच्या हाताखाली होते. त्याने शिकवलं तसंच आजवर करत आले: आल्यात वाफवलेला रोहू, पांढरा भात, पाण्यासारखं दिसणारं सूप. मंचुरियन मागणाऱ्याला ते हातानेच रस्ता दाखवतात.

पक्की गिऱ्हाइकं पुष्कळ, पण आवाज दोघांचाच. एरंडोलचे भिकनआबा बसता बसता सुरू होतात, “नाना, मिरची महाग व्हयनी का रे भो? जराशी टाक ना!” आणि निवृत्त प्रेमराज सर, जे शाळेत प्रार्थनेनंतरच्या सूचना द्याव्यात तसं बोलतात, “मी पुन्हा एकदा नमूद करतो, या सुपात चवीची अनुपस्थिती आहे.” उठतात मात्र दोघंही वाडगा लख्ख करूनच.

यंदा नानांचा उजवा हात लकव्याने गेला. कढईवर सून आली, दिपमाला. ही मंडळी तिच्या हातचं खातील का, एवढाच नानांना घोर. नाही खाल्लं तर टाळं लावायचं, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

दिपमालाने वर्षानुवर्षं ही गाऱ्हाणी ऐकलेली. पहिल्याच दिवशी तिने मन मोठं केलं. माशावर सढळ हाताने काळा मसाला, वर लालभडक तर्री.

ताटं आली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हाई काय शे?” आबा म्हणाले.

“तुम्हीच म्हणता ना, मिरची टाक?”

“म्हनस मी! म्हननं मनं काम शे. तू कसाले टाकस? घरनं तिखट खावाले मी एसटीमा बसीसन येस का?”

सर खाकरले. “सूनबाई, आमच्या तक्रारी या... तक्रारीच होत्या.”

दिपमालाने नानांकडे पाहिलं. नाना बडीशेप निवडत होते. मान वर नाही. तिने ताटं उचलली. “आधी सांगायचं ना! मासा वाया घालवला माझा.” आतून आलं चिरल्याचा आवाज आला, मग वाफेचा.

दुसरं ताट आलं. आबांनी एक घास घेतला. लगेच दुसरा.

“मीठ कमी शे.”

“नाही कमी. खा,” ती आतून म्हणाली.

आबा खात राहिले. सरांनी आणखी भात मागितला.

नानांनी पायांनी चपला चाचपल्या.

“कथा चालनात, नाना?” उठून निघालेल्या नानांना आबांनी विचारलं.

“घर. झोप येस,” म्हणत नाना बाहेर पडले. गिऱ्हाईक जेवत असताना ते दुकान सोडून गेले, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.