पाच नंबरचा डबा

मामांच्या फ्लॉवरच्या वावरात मी चपातीचे सहा प्लॅस्टिकचे डबे काठ्यांना बांधले आणि अख्ख्या तळेगाव ढमढेऱ्यात मी वेडी ठरले. मला काही वाटलं नाही. पुस्तकातलं काहीतरी पहिल्यांदाच चिखलात उभं राहिलं होतं, ते बघून मीच वेडी व्हायची बाकी होते. प्रत्येक डब्यातला सेन्सर मातीतली ओल मोजायचा आणि वायरीशिवाय, हवेतून, पडवीतल्या कम्प्युटरला कळवायचा.

पण डबे मिनिटामिनिटाला बडबडत, त्यामुळे पेन्सिल सेल दोन दिवसांत संपत. शिवाय सहा डबे सहा तऱ्हेचं सांगत. रोज मी थोडी माती मामीच्या जुन्या तव्यावर वाळवायचे, आधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर तोलायचे आणि खरी ओल काढायचे. डब्यांची सरासरी तिच्या जवळपासही जात नव्हती. पाच नंबर तर सदा जास्तीच ओल दाखवायचा, म्हणून त्याला मी वगळलं होतं.

दौंडच्या बाजूला आमचं कॉलेज. तिथले माझे सर शनिवारी स्वतः माती न्यायला येणार होते. "लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवून बघतो. तुझा आकडा जुळला तर सबमिशन, नाहीतर पुढच्या वर्षी," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतं. घरच्यांनी एम. ई.साठी एवढंच वर्ष कबूल केलेलं, नंतर रांजणगावच्या कंपनीत नोकरी ठरलेली.

गुरुवारी सकाळी मामा ओट्यावर चहा पीत होते. मोटर चालू करायला थ्री फेज लाईट हवी होती. बांधावरून शेजारी ओरडला, "आज अकराला येतीया." मामांनी मान वर केली नाही. बरोबर दहाला ते मोटरीपाशी गेले आणि दहालाच लाईट आली.

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"वायरमननं सोमवारीच सांगितलंय, नवाला म्हणून. त्यो कायम तासभर आधीचा टायम सांगतो. मंग आपण तास मिळवायचा, झालं. शेजारी कवा बरोबर, कवा चूक. त्याचं ऐकून काय उपेग?"

"मग आज फोन केला नाही त्यानं?"

"कशाला? टायम बदलला तरच फोन करायचा, असं ठरलंय आमचं."

माझ्या हातातला चहा गार झाला. दोन महिने मी जे शोधत होते ते मामा रोज सकाळी करत होते! मी वह्या काढल्या. पाच नंबर चुकत होता खरा, पण रोज तेवढाच. ती चूक वजा केली तर त्याच्याइतका भरवशाचा दुसरा डबा नव्हता. मग त्याच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वजन दिलं, उड्या मारणाऱ्यांना कमी. आणि सगळ्यांना ताकीद दिली, ओल बदलली तरच बोला. मला नाचावंसं वाटत होतं.

शनिवारी सरांनी माती घेतली, माझा आकडा वहीत लिहून घेतला. मी एवढी हवेत होते की म्हणाले, "सर, उद्या जुळलं तर फोन नका करू. नाही जुळलं तरच करा." सर हसले आणि 'बरं' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "न्हाई जमायचं." दहावीला, बारावीला, ॲडमिशनला ते हेच म्हणाले होते, त्यामुळे मला धीरच आला. दुपार झाली, चार वाजले, फोन नाही. मी मामीला शिरा करायला लावला. पहिला घास घेताना सहज मोबाईल उचलला. स्क्रीन काळी. सकाळपासून लाईट नव्हती आणि बॅटरी केव्हाच मेली होती.

सगळं ठीक असलं तरी फोन गप्प आणि फोन मेला तरी गप्पच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तशीच बाजारातल्या एसटीडी बूथवर पळाले.

"अगं, सकाळपासून तीनदा फोन लावला तुला," सर म्हणाले.

"नाही जुळलं ना, सर?"

"जुळलं. अगदी जवळ आलंय. तू नको म्हणाली होतीस, पण मला राहवेना."

पैसे देताना बूथवाल्यासमोरच मला रडू आलं. घरी येईतो लाईट आली होती. आधी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. काही बदलो न बदलो, प्रत्येक डब्यानं दिवसातून एकदा तरी आपण जिवंत आहोत असं कळवायचं.

मामा गार झालेला शिरा खात होते. "जमलं," मी म्हणाले.

"मला ठावं व्हतं."

"मग सकाळी न्हाई जमायचं का म्हणालात?"

"दर वेळी म्हणतो आन् दर वेळी जमतं तुला," मामा म्हणाले. "मंग आजच कशाला बदलू?"