दस्तीखालचा सौदा

माझी पिठाची गिरणी मी माझ्या स्वतःच्या हाताने विकली, आणि ती केवढ्याला गेली हे खोलीतल्या माणसांत सगळ्यांत शेवटी मला कळलं.

ही गोष्ट एखाद्या भोळ्या बाईची असती तर एक वेळ चाललं असतं. पण आमच्या गल्लीत कुणालाही साडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. परभणीतले दोन-तीन दुकानदार मला दारात पाहिलं की आधी पाणी मागवतात. (स्वतःसाठी!)

गिरणी घरगुती होती, पण अंगाने कपाटाएवढी. गल्लीतल्या बायकांना दळण दळून द्यायचं आणि चार पैसे सुटतील, असा माझा हिशेब. त्यात आवाज धरायचा राहिला. गिरणी सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या मांडणीतली ताटं खाली यायची, आणि ताटांच्या मागोमाग मास्तर! धंदा बसला. गिरणी मागच्या छोट्या खोलीत गेली आणि तिच्या डोक्यावर घरातलं सगळं नकोसं सामान चढलं.

तेवढ्यात झरीहून माझे सासरे आले. त्यांना मी मामा म्हणते. त्यांनी उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. सासूबाई गेल्यावर गावातल्या घरी एकटेच राहत होते, म्हणून आमच्या यांनी आग्रह करून आणलं. झोपायला त्यांना हॉलमधला दिवाण दिला. म्हणजे टीव्ही बंद होईपर्यंत त्यांनी ताठ बसून राहायचं आणि पाहुणे आले की उठून उभं राहायचं. तक्रार केली नाही त्यांनी. फक्त एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात झरीला जावं म्हणायलोय. हितं मी म्हंजे फलाटावरचा पाशिंजर."

झरीच्या घरात त्यांना गरम भाकरी करून द्यायला कुणी नव्हतं. आणि एकदा गेले असते तर पुन्हा आले नसते.

"मामा, मागची खोली रिकामी करून देते," मी म्हणाले. "गिरणी विकली की झालं."

गिरणीचा फोटो काढला आणि मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकली. किंमत नऊ हजार. खाली प्रश्न आला : ग्राहकांना किंमत सुचवू द्यायची का? मी चष्मा शोधेपर्यंत यांनी 'हो'वर बोट ठेवलं.

"विचारलं लोकांनी तर बिघडलं कुठं?" हे म्हणाले. यांचं हे असंच. भाजीवाल्याने वीस सांगितले की "पंचवीस घे बाबा, ऊन आहे" म्हणणारा माणूस!

मग निरोपांचा पाऊस. "लास्ट बोला." (अरे, आधी फर्स्ट तरी बोल!) "दोन हजार. आत्ता टेम्पो घेऊन येतो." एकाने लिहिलं, "पैसे नाहीत, शेळी आहे. अदलाबदल करता का?" मी वैतागून ते मोठ्याने वाचलं, तर मामा दिवाणावरून म्हणाले, "गाभण हाय का इचार." आणखी एक जण रोज सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा आणि खाली "शुभ सकाळ, तीन." दुसऱ्या दिवशी "शुभ सकाळ, एकतीसशे." मला त्याची सवयच लागली.

मी एक रुपया खाली आले नाही. कुणी घरी येऊन बघितलंच, तर हे मागून मायेने सांगायचे, "तिचा आवाज जरा येतो हं." गिऱ्हाईक जिना उतरायचं. इकडे मामांनी आपली पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला आणून टांगली.

अशात वैशाली आली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, तिशीची, सोबत अबोल नवरा. तिने गिरणीचं झाकण उघडलं, जाळी काढून उजेडात धरली, आत वाकून वास घेतला. मला वाटलं, आता ही दात बघणार.

"नऊ लय होतात, काकू."

"घेतली तेव्हा दुप्पट मोजलेत."

"घेतली तवाची गोष्ट येगळी."

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. "शिवाय आवाजही..."

"तुम्ही चहा टाका!" मी ओरडले.

मामांनी हात वर केला. "थांबा. भाव काय चावडीवर ओरडून करायची गोष्ट हाय का? मालाला इज्जत असती." त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून झटकली. "बाजारात आमी दस्तीखाली हातात हात घालून बोटांवर बोलतोत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत न्हाई." वैशालीने ठाऊक असल्यासारखी मान डोलावली.

शेजारी उभा असलेला माणूस म्हणजे आमचे हे. मला ती पद्धत फार आवडली.

"मग बसा तुम्ही तिच्यासमोर."

"लेकीच्या वयाची पोरगी, मी कसा हात धरू? तू बैस."

मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी घाईघाईने शिकवणी घेतली. "एक बोट धरलं की हजार. समदी मूठ धरली की पाच. आन् तिचा भाव न्हाई पटला, तर तिचं मनगट दाबायचं. गच्चून!"

"गच्चून?"

"समोरच्याला कळाय पाहिजे ना."

आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो, मामांनी वरून दस्ती टाकली. माझ्या हाताला अजून कणीक होती. मी तिची मूठ धरली, मग चार बोटं धरली. नऊ. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, जणू तिचा हात दुसऱ्याच कुणाचा आहे. मग तिने माझी मूठ धरली आणि सोडून दिली. मी पुढची बोटं येण्याची वाट पाहिली. आलीच नाहीत.

पाच! माझं डोकं तापलं. मी तिचं मनगट असं दाबलं की बांगड्या वाजल्या.

"पाचाला झालं!" वैशाली उठलीच. मामांनी दस्ती ओढून घेतली. "पाचाला सौदा झाला! साखर आणा."

"कसला झाला? मी नाही म्हणाले!"

"मनगट दाबलंत की, काकू!" ती म्हणाली. "माझे वडील मानवतच्या बाजारात दलालच होते. मनगट दाबलं की सौदा पक्का, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी तर सातापर्यंत यायची तयारी ठेवली होती."

मी मामांकडे वळले. ते दस्तीची घडी घालत होते, फार मन लावून.

"मी करंगळी सांगितली व्हती," ते म्हणाले. "तू मनगट ऐकलं."

करंगळी आणि मनगट! दोन शब्दांत एवढंच साम्य की दोन्ही हाताला असतात. "मग सौदा मोडा!" मी म्हणाले.

"दस्तीखालची जबान फिरवली तर उद्या बाजारात मी तोंड कसं दाखवू?" (बाजार सोडून त्यांना कैक वर्षं झाली होती!)

तोवर यांनी आणि वैशालीच्या नवऱ्याने गिरणी दोन बाजूंनी उचललीही होती. दारातून हे म्हणाले, "आता तरी आवाजाचं सांगू का?"

त्याच दिवशी खोली धुतली, खाट टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर दार आतून बंद. कडी काढून मामांनी मला आत घेतलं. त्यांची पिशवी दाराजवळच्या खुंटीवरून निघून खाटेखाली गेली होती.

"खरं सांगा, मामा. मनगट की करंगळी?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "मनगट."

"म्हणजे मला फसवलंत!"

"दलालानं आधी मालकाचं मन वाचायचं असतंय. तुला गिरणी इकायचीच न्हवती. कुणीतरी 'नऊ' म्हणलेलं तुला फकस्त ऐकायचं होतं."

मी खाटेच्या कडेवर टेकले. नऊच्या खाली आलं की धंदा बुडाला हे कबूल करावं लागणार होतं. तेवढ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला मी हॉलमध्ये ताठ बसवून ठेवलं होतं.

"आणि तुम्हाला काय मिळालं यात?"

"दलाली," मामा म्हणाले, आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. "कडी आतून हाय."

वैशालीने तळमजल्यावर गिरणी लावली. तिथे मास्तर नाहीत, मांडणी नाही. धंदा जोरात आहे. मी ज्वारीचा डबा घेऊन गेले, डबा उचलायला हे सोबत होते. तिने दळणाचा भाव सांगितला.

"अगं, माझीच गिरणी ती," मी म्हणाले. "काहीतरी कमी कर."

वैशाली हसली. तिने पदराचं टोक आपल्या हातावर पसरलं आणि हात पुढे केला. "द्या हात, काकू."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि यांना म्हटलं, "तुम्हीच द्या पैसे."

यांनी पाच रुपये जास्त दिले. ऊन होतं म्हणे.